कँडिडाच्या प्लेटवर पेप्टाइडचा झोन येत नाही? आधी मीडिया तपासा

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टचे दिवस आले की बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या मुलामुलींकडून एकच तक्रार फिरून फिरून येते. कँडिडा अल्बिकन्स हे यीस्ट प्लेटवर पसरलं, चकतीवर विषारी पेप्टाइड सोडलं, दुसऱ्या दिवशी इन्क्युबेटर उघडून बघावं तर चकतीच्या अगदी कडेपर्यंत पांढरी वाढ. झोनचं, म्हणजे चकतीभोवतीच्या वाढ नसलेल्या मोकळ्या गोलाचं, नाव नाही. याहून जास्त छळणारा प्रकार म्हणजे मागच्या खेपेला सुरेख झोन आला होता, आणि आता तीच कुपी, तोच स्ट्रेन असूनही काही नाही. "मॅडम, गोल आलाच नाही की ओ!" म्हणत कुणी प्लेट घेऊन दारात उभं राहिलं की मी पहिला प्रश्न विचारते, "मीडिया, म्हणजे वाढीचं माध्यम, कुठला घेतलास?"

बहुतेकांचा पहिला संशय पेप्टाइडवर असतो. कुपी खराब निघाली असेल, नवीन मागवू या. हे मला मनापासून खटकतं, कारण पेप्टाइड स्वस्त नसतं आणि यायला आठवडे लागतात. जांबोटी-कणकुंबीकडून भर पावसात बस बदलत येणाऱ्या पोरांच्या खिशाला तो खर्च पुन्हा पुन्हा झेपणारा नाही. त्यात प्रयोगाच्या सूचना इंग्रजीत, लॅबमधलं बोलणं कन्नड-मराठी मिसळून, आणि मीडियाचा डबा हाताला लागेल तो. म्हणून हे एकदा मराठीत सविस्तर लिहून ठेवते आहे.

पेप्टाइड आत जातं कसं

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. तिच्यावर विद्युतभार असतो, ती पाण्यात रमणारी असते, त्यामुळे पेशीपटलाच्या स्निग्ध थरातून ती आपोआप पाझरत नाही. पटलात बसलेल्या वाहक प्रथिनांनी तिला आत घ्यावं लागतं. कँडिडा अल्बिकन्समध्ये अशा वाहकांची दोन घराणी आहेत. पहिलं पीटीआर. त्यातले पीटीआर-२ आणि पीटीआर-२२ हे दोन आणि तीन अमिनो आम्लांची पेप्टाइडं आत घेतात. दुसरं ऑप्ट. त्याची ऑप्ट-१ ते ऑप्ट-८ अशी आठ जनुकं या यीस्टमध्ये आहेत आणि ती चार-पाच किंवा त्याहून थोड्या लांब साखळ्यांसाठी आहेत. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या कामात ऑप्ट-१, २ आणि ३ ही तिन्ही जनुकं काढून टाकलेला स्ट्रेन बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) या एकाच प्रथिनावर नीट वाढेना, असं दिसलं. बाहेर प्रथिनं कापणारी एन्झाइमं शाबूत असूनही तुकडे आत घ्यायला कुणी नसेल तर यीस्ट उपाशी राहतं, हे त्यातून कळतं.

हे वाहक फुकट काम करत नाहीत. पेशीपटलातला पीएमए-१ हा पंप एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च करून प्रोटॉन बाहेर फेकतो. बाहेर प्रोटॉन जास्त, आत कमी, असा उतार तयार होतो. परत आत येणाऱ्या प्रोटॉनच्या जोडीनेच पेप्टाइड आत ओढलं जातं. म्हणजे आत जाण्यासाठी तीन गोष्टी लागतात: वाहक पटलावर असायला हवा, तो रिकामा असायला हवा, आणि त्याला प्रोटॉनचा उतार मिळायला हवा. झोन न येण्याची बहुतेक कारणं या तिन्हींपैकी कुठेतरी सापडतात.

विषारी पेप्टाइड म्हणून आपल्याकडे मुलं दोन प्रकार वापरतात. एक निक्कोमायसिन झेड. हा स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूपासून मिळणारा, पेप्टाइडसारखी घडण असलेला रेणू. तो डाय-ट्रायपेप्टाइडच्या (दोन-तीन अमिनो आम्लांच्या साखळ्यांच्या) वाटेनेच आत शिरतो आणि पेशीभित्तिकेतलं कायटिन बनवणारं एन्झाइम रोखतो. दुसरा प्रकार म्हणजे एथिओनीन जोडलेली पेप्टाइडं, उदाहरणार्थ अॅलॅनिल-एथिओनीन, किंवा ऑप्टच्या वाटेने जाणारं लायसिल-ल्युसिल-ल्युसिल-एथिओनीन. आत गेल्यावर पेप्टिडेज एन्झाइमं साखळी तोडतात, एथिओनीन सुटतं आणि मेथिओनीन या अमिनो आम्लाच्या जागी घुसून घोटाळा करतं.

खरा गुन्हेगार बहुधा पेप्टोन

सॅबुरो डेक्स्ट्रोज अगार हा कँडिडासाठी सगळ्यांच्या हातचा मीडिया. त्यात लिटरमागे ४० ग्रॅम डेक्स्ट्रोज आणि १० ग्रॅम पेप्टोन असतं. वायपीडी या यीस्टच्या दुसऱ्या नेहमीच्या मीडियामध्ये तर पेप्टोन २० ग्रॅम आणि वर यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १० ग्रॅम. पेप्टोन म्हणजे काय, तर प्रथिनं पचवून केलेली पेप्टाइडांची पूड. आता साधा हिशोब करा. २० मिलिलिटरच्या सॅबुरो प्लेटमध्ये २०० मिलिग्रॅम पेप्टोन असतं. तुम्ही चकतीवर सोडता ५० मायक्रोग्रॅम. म्हणजे तुमच्या पेप्टाइडच्या ४००० पट पेप्टोन त्या प्लेटमध्ये आधीच आहे. चवथीच्या आदल्या दिवशी घाईत गणपत गल्लीतून वाट काढणाऱ्या एकट्या माणसाची जी गत होते, तीच त्या रेणूची. वाहक पटलावर भरपूर असतात, पण प्रत्येक जण पेप्टोनच्या तुकड्यांनी भरलेला.

म्हणून माझा सल्ला ठाम आहे. विषारी पेप्टाइडच्या चाचणीसाठी सॅबुरो आणि वायपीडी वापरूच नका. स्ट्रेन जपायला, ताजं कल्चर वाढवायला ते उत्तम आहेत. चाचणीची प्लेट मात्र पेप्टोनविरहित हवी. अमिनो आम्लं आणि अमोनियम सल्फेट दोन्ही नसलेला यीस्ट नायट्रोजन बेस लिटरला १.७ ग्रॅम, ग्लुकोज २० ग्रॅम, नायट्रोजनसाठी प्रोलीन १ ग्रॅम, पीएच ५ ते ५.५, आणि शक्यतो शुद्ध प्रतीचा अगार. स्वस्त अगारमध्ये नायट्रोजनयुक्त कचरा असतो आणि त्यावर यीस्ट धूसर का होईना, वाढतंच.

इथे एक बारीक चूक राहून जाते. प्लेट बदलली, पण पेशी रात्रभर वायपीडीमध्ये वाढवलेल्या आणि तिथूनच थेट पसरल्या, तर त्यांच्याबरोबर पेप्टोनही येतं. सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी ओतायचं, निर्जंतुक डिस्टिल्ड पाण्यात पेशी पुन्हा मिसळायच्या, हे तीनदा करा. मग ०.५ मॅकफार्लंड या प्रमाण नळीच्या गढूळपणाला आणा. कँडिडासाठी तो मिलिलिटरला साधारण १० ते ५० लाख पेशींच्या दरम्यान बसतो. स्वॅबने पसरून प्लेट कोरडी होऊ द्या, मगच चकती ठेवा. पेशी दाट पसरल्या तर झोन आक्रसतो, म्हणून "थोडं जास्त घातलं तर काय बिघडलं" असं मनात आणू नका.

मीडियाच दोषी आहे हे सिद्ध करायची रीत सोपी आहे, आणि प्रोजेक्टच्या वहीत ती शोभूनही दिसते. एकाच दिवशी, एकाच पेशींच्या तीन प्लेटा लावा. एक प्रोलीनची साधी प्लेट. दुसरी तीच, पण तीत पेप्टोन घातलेलं. तिसरी तीच, पण तीत विषारी नसलेलं एखादं डायपेप्टाइड, म्हणजे अॅलॅनिल-अॅलॅनीनसारखं, मिसळलेलं. पहिल्या प्लेटवर झोन, दुसऱ्या-तिसऱ्यावर लहान किंवा नाहीच, असं आलं तर पेप्टाइड चांगलं आहे, वाट अडलेली होती. तिन्हींवर झोन नसेल तर पुढे वाचा.

वाहक पटलावर आहे का?

यीस्टला सोपं खाणं मिळालं की ते अवघड खाण्याची यंत्रणा बंद ठेवतं. अमोनियम भरपूर असेल तर प्रथिनं कापणारं सॅप-२ एन्झाइम आणि ऑप्ट-१ वाहक यांची जनुकं दबलेली राहतात. त्यांना जागं करणारा एसटीपी-१ हा नियामक दोन अटींवर चालतो. अमोनियमची टंचाई झाली की त्याचं स्वतःचं उत्पादन सुरू होतं. पण तो तयार होऊनही पेशीच्या केंद्रकात शिरू शकत नाही, कारण त्याला एक अडसर जोडलेला असतो. बाहेर थोडी अमिनो आम्लं आहेत हे पटलावरच्या एसएसवाय-१ या संवेदकाला जाणवलं की एसएसवाय-५ तो अडसर कापतो, आणि मग एसटीपी-१ आत जाऊन कामाला लागतो. मला ही रचना फार देखणी वाटते. नायट्रोजनचा नुसता दुष्काळ पुरत नाही, आसपास प्रथिनांचे तुकडे असल्याची चाहूलही लागावी लागते. तेव्हाच यीस्ट कातर आणि वाहक दोन्ही बाहेर काढतं.

याचा प्रयोगातला अर्थ असा की अमोनियम सल्फेट घातलेल्या साध्या मिनिमल प्लेटवर चार-पाच अमिनो आम्लांचं पेप्टाइड निकामी ठरलं तर लगेच निराश होऊ नका. तेच प्रोलीनच्या प्लेटवर लावून बघा. दोन्ही प्लेटा शेजारी ठेवल्या की फरक डोळ्यांना दिसतो.

पुस्तकातून वाचताना एक सांभाळा. पेप्टाइड वाहकांच्या नियमनाचं पाठ्यपुस्तकी उदाहरण पावाच्या यीस्टचं असतं. त्यात कप-९ नावाचं प्रथिन पीटीआर-२ दाबून ठेवतं, आणि आत आलेली विशिष्ट डायपेप्टाइडं त्या कप-९ च्याच विल्हेवाटीला गती देतात, असं ते सुंदर चक्र आहे. पण ते सॅकरोमायसिसचं. कँडिडाच्या प्रोजेक्टमध्ये ते जसंच्या तसं उतरवू नका.

बीएसएवर वाढीची चाचणी करणाऱ्यांसाठी थोडं. वाढ येत नसेल तर पीएच बघा. सॅप-२ आम्लधर्मी माध्यमात चालतं, ४ च्या आसपास ठेवा. पीएच ७ ला प्रथिन तसंच पडून राहतं. आणि बीएसए ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका, गुठळ्या होतात. फिल्टर करून, कोमट झालेल्या अगारमध्ये मिसळा.

प्रोटॉनचा उतार

औषधांच्या चाचणीचं प्रमाणित माध्यम म्हणून काही जण आरपीएमआय-१६४० घेतात. फ्लुकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधासाठी ते योग्यच आहे. पण त्याचा पीएच ७.० वर बफरने पक्का बांधलेला असतो, आणि पेप्टाइडच्या वाहकाला बाहेर आम्ल हवं असतं. शिवाय आरपीएमआयमध्ये अमिनो आम्लंही बरीच आहेत, मेथिओनीनसुद्धा. त्यावर निक्कोमायसिन मंद वाटलं तर स्ट्रेनला प्रतिरोधक म्हणून मोकळं होऊ नका.

पीएच आधी मोजला तरी तो प्रयोगभर तसाच राहतो असं नाही. अमोनियमवर वाढताना कँडिडा माध्यम आम्ल करतं. ग्लुकोज संपत आलं आणि ते अमिनो आम्लं खायला लागलं की अमोनिया बाहेर टाकून माध्यम अल्कधर्मी करतं. हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर एका जादा प्लेटमध्ये ब्रोमोक्रेसॉल पर्पल घाला. ५.२ च्या खाली ते पिवळं, ६.८ च्या वर जांभळं. एके ठिकाणी पिवळी प्लेट वाढीच्या कडेने हळूहळू जांभळी होताना बघितली की पीएचवर मुलांचं लक्ष आपोआप जातं, मला ओरडावं लागत नाही.

पेप्टाइड सक्रियपणे, ऊर्जा खर्चून आत जातं हे दाखवायला सोडियम अझाइडच्या वाटेला जाऊ नका. ते जहाल विष आहे आणि सिंकमध्ये ओतलं तर धातूच्या नळात स्फोटक क्षार तयार होऊ शकतात. एक नळी ३० अंशांवर, एक बर्फात, हीच जोड पुरेशी बोलकी आहे.

आता पेप्टाइडकडे

इतकं सगळं तपासल्यावरच कुपीवर संशय घ्या. वाहक फार चोखंदळ असतात. एल रूपातली अमिनो आम्लं हवीत. डी रूप असेल तर बहुधा घेत नाहीत. साखळीच्या सुरुवातीचा अमिनो गट मोकळा हवा. ऑर्डर देताना "टिकाऊ राहावं म्हणून" कुणी तो अॅसिटिल गटाने झाकून घेतला असेल तर पेप्टाइड टिकेल, पण वाहक त्याला दाद देणार नाही. लेबलवर हे लिहिलेलं असतं, नीट वाचा.

उलट गोष्टही घडते. झोन येतो, पण तो पेप्टाइडचा नसतो. कृत्रिमरीत्या बनवलेल्या पेप्टाइडबरोबर ट्रायफ्लुरोअॅसेटिक आम्ल चिकटून येतं. तेवढ्याच आम्लाची एक कोरी चकती शेजारी ठेवल्याशिवाय झोनवर विश्वास ठेवू नका. एथिओनीनचं पेप्टाइड असेल तर नुसत्या एथिओनीनची चकतीही हवीच. साखळी प्लेटवरच तुटून एथिओनीन मोकळं झालं असेल तर ते अमिनो आम्लांच्या वेगळ्या वाहकातून आत जाईल आणि तुम्ही श्रेय मात्र पीटीआर-२ ला द्याल. याचंच दुसरं टोक म्हणजे माध्यमात मेथिओनीन असलं की पेप्टाइड व्यवस्थित आत जाऊनही विषाचा परिणाम झाकला जातो. तिथे वाट मोकळी असते, विषच बोथट झालेलं असतं.

साठवणीबद्दल बोलायलाच हवं, कारण आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत ओल कायम असते. उणे २० मधून काढलेली कुपी तशीच उघडली की आत दव धरतं आणि पेप्टाइड पाणी पितं. कुपी डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग झाकण काढा. द्रावण ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढून, लहान लहान वाट्यांत विभागून गोठवा. रोज तीच नळी वितळवणं आणि पुन्हा गोठवणं बंद करा. वीज गेली आणि फ्रीज तासन् तास बंद राहिला तर त्या दिवसाची नोंद वहीत हवी. "मागच्या खेपेला आला होता, आता नाही" या तक्रारीचा उगम कधी कधी तिथे सापडतो.

धूसर झोन

निक्कोमायसिनचा झोन काचेसारखा स्वच्छ असेलच असं नाही. बऱ्याचदा तो अंधुक असतो आणि मुलं "झोन नाही" असं लिहून मोकळी होतात. त्या अंधुक भागातून सुईच्या टोकाएवढं घेऊन स्लाइडवर थेंबात पसरा आणि ४० च्या लेन्सखाली बघा. बाजूच्या निरोगी भागात अंडाकृती, सुट्या, कळी फुटलेल्या पेशी असतात. अंधुक भागात पेशी एकमेकींना चिकटून माळा झालेल्या, फुगलेल्या, चकाकणाऱ्या दिसतात, काही फुटलेल्या. कायटिन नसल्यामुळे मधला पडदा नीट होत नाही आणि लेकी आईपासून सुटत नाहीत. हे दिसलं तर पेप्टाइड आत गेलं आहे, तुमचा प्रयोग जमला आहे. वहीत चित्र काढा.

झोनच्या आत एखाद-दुसरी ठसठशीत कॉलनी उगवली तर ती कंटॅमिनेशन समजून फेकू नका. आधी जर्म ट्यूब (सीरममध्ये पेशीला नळीसारखा कोंब फुटतो का ती चाचणी) करून कँडिडा अल्बिकन्सच आहे ना ते बघा, आणि मग तिला स्वच्छ प्लेटवर घेऊन पुन्हा त्याच पेप्टाइडला सामोरी करा. तरीही ती वाढली तर वाहकात बिघाड झालेला म्युटंट हाती लागला असण्याची शक्यता आहे. त्याच कॉलनीवर नुसत्या एथिओनीनची चकती ठेवा. एथिओनीनने मरते, पेप्टाइडने मरत नाही, असं दिसलं तर ती शंका बळकट होते.

खानापूरच्या भातशेतीतली मुलं पॉलिऑक्सिनचं नाव काढतात, कारण ते भाताच्या पर्णकोष करप्यावरचं औषध म्हणून कृषीच्या पुस्तकात असतं. तेही कायटिनवरच घाव घालतं आणि कँडिडाच्या पेशी फोडून काढलेल्या एन्झाइमलाही जोरात रोखतं. पण अख्ख्या कँडिडावर ते दुबळं पडतं, कारण त्याला आत घेणं या यीस्टच्या वाहकांना नीट जमत नाही. पॉलिऑक्सिनने झोन नाही आला तर तो तुमचा दोष नव्हे.

लाळेतलं पेप्टाइड असेल तर

काही जण हिस्टॅटिन-५ घेतात आणि हाच सगळा उपाय करून बघतात. तिथे हे लागू पडत नाही. हिस्टॅटिन-५ हे २४ अमिनो आम्लांचं, धनभारित पेप्टाइड आपल्या लाळेत असतं. ते पीटीआर किंवा ऑप्टमधून जात नाही. पॉलिअमीन आत घेणाऱ्या डीयूआर-३ आणि डीयूआर-३१ या वाहकांतून शिरतं. क्षार वाढले की त्याचा जोर ओसरतो, आणि अगारमधल्या सल्फेटला ते चिकटून बसतं, म्हणून चकतीभोवती पसरतच नाही. त्यासाठी प्लेट सोडा. १० मिलिमोलर फॉस्फेट बफरमध्ये पेशी आणि पेप्टाइड एकत्र ठेवून, नंतर पसरून कॉलनी मोजा. तुमचा स्ट्रेन ग्लॅब्राटा या कँडिडाच्या दुसऱ्या जातीचा असेल तर हिस्टॅटिनला तो मुळातच फारसा जुमानत नाही, तेव्हा दवाखान्यातून आलेल्या प्रत्येक "कँडिडा" ची ओळख आधी पटवून घ्या.

इतकं करूनही अडलं तर विचारा, संकोच करू नका. फक्त विचारताना मीडियाच्या डब्यावरचं पूर्ण नाव, ऑटोक्लेव्हच्या आधीचा आणि नंतरचा पीएच, पेशी कशात वाढवल्या आणि किती वेळा धुतल्या, पेप्टाइडची पूर्ण साखळी, आणि प्लेटचा मागून उजेड धरून काढलेला फोटो पाठवा. कोऱ्या चकतीसकट.